एका गोलाचा धनी

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाराचें नांव घरोघर होतें. गोल होऊं न देणाराचें होत नाहीं. ह्यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. झालेली गोष्ट दिसते, तिची नोंद ठेवतां येते, ती मुलांना सांगतां येते. जी झालीच नाहीं तिचें वर्णन कोणी व कसें करावें? वैशेषिकांनीं अभाव हा सातवा पदार्थ मानिला आहे खरा, परंतु वर्तमानपत्रांच्या क्रीडावृत्तांत त्याला अद्याप रकाना मिळालेला नाहीं. परीक्षेच्या दालनांत तीन तास उभा राहणारा पर्यवेक्षक, किंवा एकत्र कुटुंबांत वीस-पंचवीस पानें रोज वेळेवर वाढणारी थोरली सून, यांची आठवण जशी कांहीं बिघडलें म्हणजेच होते, तशीच बचावाच्या खेळाडूची गत. त्यानें शंभर वेळां चेंडू अडविला तर तें त्याचें कामच. एकदां चुकला कीं साऱ्या देशाला त्याचें नांव पाठ.

कार्ल-हाइन्त्झ श्नेलिंगर ह्या जर्मन खेळाडूचें आयुष्य ह्या दृष्टीनें मोठें चमत्कारिक आहे. चार विश्वचषक स्पर्धा खेळलेला, युरोपांतील नामांकित संघांतून पंधरा-सोळा वर्षें बचाव सांभाळलेला हा मनुष्य २० मे २०२४ रोजीं वयाच्या ८५ व्या वर्षीं मिलान येथें वारला, तेव्हां लोकांना प्रथम आठवला तो त्यानें अडविलेला एकही चेंडू नव्हे, तर चौपन्न वर्षांपूर्वीं त्यानें केलेला एक गोल. आपल्या देशासाठीं तो ४७ सामने खेळला; त्यांत त्याचा गोल हा एवढाच. आणि तो एकुलता एक गोल त्यानें केला, तोही ज्या देशांत तो राहत होता व ज्या देशांत त्याची चूल पेटत होती, त्या इटलीविरुद्ध!

पण ही हकीकत क्रमानेंच सांगितली पाहिजे.

श्नेलिंगरचा जन्म ३१ मार्च १९३९ चा. दुसरें महायुद्ध सुरू व्हावयास पांच महिने अवकाश होता. ड्यूरेन हें त्याचें गांव कोलोन आणि आखेन ह्या दोन शहरांच्या मध्यें रूर नदीवर वसलें आहे व कागदाच्या गिरण्यांसाठीं पूर्वापार प्रसिद्ध आहे. १६ नोव्हेंबर १९४४ रोजीं दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं ह्या गांवावर बाँबवर्षाव केला आणि कांहीं वेळांतच तें जवळजवळ जमीनदोस्त झालें. श्नेलिंगर तेव्हां सहा वर्षांचाही नव्हता. युद्धोत्तर जर्मनींत जी पिढी वाढली तिच्याजवळ खेळावयास फारसें कांहीं नव्हतें, आणि फुटबॉलला तरी दुसरें काय लागतें? एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा.

ड्यूरेन ९९ ह्या गांवच्याच संघांत तो तयार झाला. जर्मनीला १९५४ सालीं जगज्जेतेपद मिळवून देणारा शिक्षक झेप हेर्बेर्गर मोठा पारखी होता. त्यानें ह्या लहानशा संघांतून हा पोरगा उचलला आणि २ एप्रिल १९५८ रोजीं प्राग शहरीं चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध राष्ट्रीय संघांत उभा केला. त्याच वर्षीं जूनमध्यें स्वीडनला विश्वचषक स्पर्धा झाली. एकोणीस वर्षांच्या श्नेलिंगरला तेथें दोन सामने मिळाले. त्यांपैकीं दुसरा तिसऱ्या क्रमांकासाठीं फ्रान्सशीं होता आणि त्यांत फ्रान्सनें सहा गोल केले; चार एकट्या ज्यूस्त फोंतेन ह्यानें! जर्मनीचे तीन झाले. बचावाचें काम शिकूं पाहणाऱ्याला याहून कडक गुरु मिळणें कठीण.

त्या उन्हाळ्यानंतर तो कोलोनच्या संघांत गेला आणि पांच वर्षें तेथें राहिला. तो मूळचा डावा बॅक. म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेला उभें राहून प्रतिपक्षाच्या उजव्या बाजूच्या फॉरवर्डला गोलाकडे जाऊं द्यावयाचें नाहीं हें त्याचें मुख्य काम. जर्मन भाषेंत 'श्नेल' म्हणजे शीघ्र. हा मनुष्य त्या शब्दाला शोभेल असाच चपळ होता. शरीरानें दणकट, केस पिवळेधमक. आणि दम असा कीं शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखा धांवावा. पुढें इटालियन लोकांनीं त्याला 'फोल्क्सवागेन' ह्या जर्मन मोटारीचें नांव ठेवलें तें ह्याच कारणानें. दिखाऊपणा नाहीं, पण वाटेंत बंद पडावयाची नाहीं.

१९६२ हें साल त्याच्या भाग्योदयाचें. कोलोननें अंतिम सामन्यांत न्यूरेंबर्गचा ४-० असा पराभव करून जर्मन अजिंक्यपद मिळविलें. श्नेलिंगर त्या वर्षींचा जर्मनींतील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला. आणि एक फ्रेंच नियतकालिक त्या काळीं युरोपांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूस जो सोन्याचा चेंडू देत असे, त्याच्या मतमोजणींत मासोपुस्त आणि युसेबिओ ह्यांच्या मागोमाग तिसरा क्रमांक ह्या बचावपटूचा आला. गोल करणाऱ्यांच्या त्या पंक्तींत बॅकला पान मिळणें ही तेव्हां अपूर्वाईची गोष्ट होती. (त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत युरोपियन चषकाच्या पहिल्याच सामन्यांत स्कॉटलंडच्या डंडी संघानें ह्याच कोलोनला ८-१ असें झोडपून काढलें, हेंही लिहिलें पाहिजे. नाहीं तर चरित्र सोडून स्तोत्र व्हावयाचें.) पुढल्या वर्षीं कोलोन पुन्हां अंतिम सामन्यापर्यंत गेलें, डॉर्टमुंडकडून ३-१ असें हरलें, आणि कोलोनचा तो एक गोल केला कोणीं, तर श्नेलिंगरनें. पराभवांतला गोल कोणाच्या लक्षांत राहतो?

येथें पैशाचा प्रश्न आला. त्या काळीं जर्मनींत फुटबॉल हा पुरता पेशा झालेला नव्हता. खेळाडूंच्या वेतनाला संघटनेनें मर्यादा घातलेली होती आणि उत्तमोत्तम खेळाडूही बरोबर कांहीं नोकरी किंवा दुकान चालवीत. १९६३ च्या ऑगस्टमध्यें बुंडेसलीगा ही सोळा संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, तरी तींतही मर्यादा होतीच. महिना सुमारें बाराशें मार्कांपलीकडे जातां येत नसे. इकडे आल्प्सच्या पलीकडे इटालियन संघांचे धनिक मालक थैल्या मोकळ्या सोडून बसलेले. शिमानिआक १९६१ मध्यें गेला, हाल्लेर आणि ब्र्यूल्स १९६२ मध्यें गेले; १९६३ मध्यें श्नेलिंगरही रोमा संघाकडे गेला. बुंडेसलीगेचा पहिला सामना झाला तेव्हां जर्मनीचा सर्वांत नांवाजलेला बॅक जर्मनींत नव्हता.

अशा परदेशीं गेलेल्या खेळाडूंना जर्मन लोक 'लेगिओनेर' म्हणत. शब्द साधा नाहीं. परक्या निशाणाखालीं पगारासाठीं लढणारा शिपाई असा त्याचा मूळ भाव आहे. ह्या लोकांना राष्ट्रीय संघांत घ्यावें कीं नाहीं यावर तिकडे पुष्कळ वाद झाला. आपल्याकडेही घरांतील कर्ता मुलगा परदेशीं नोकरीला निघाला म्हणजे ओसरीवर दोन पक्ष पडतातच. एकाला त्यांत कर्तबगारी दिसते, दुसऱ्याला घर सोडल्याचें दुःख. आणि महिन्याच्या महिन्याला पैसे येऊं लागले म्हणजे दुसरा पक्ष थोडा मवाळ होतो. जर्मनीचेंही तसेंच झालें. स्पर्धा जवळ आली कीं इटलीकडे निरोप जाई.

रोमा संघानें त्याला विकत घेतलें खरें, पण पहिलें वर्ष मांतोव्हा ह्या लहान संघाकडे उसना दिला. परत आणलें तेव्हां रोमाची स्वतःचीच स्थिति नादारीची झाली होती. १९६४-६५ च्या हंगामांत रोममधील सिस्तिना नाट्यगृहांत पाठिराख्यांची सभा भरवून संघासाठीं वर्गणी गोळा करण्याची पाळी आली. ज्या देशांत पैसा म्हणून जावें, तेथेंच झोळी फिरतांना पाहावी, असा हा प्रकार. इटालियन चषक मात्र त्या संघाबरोबर त्याला मिळाला. १९६५ मध्यें रोमानें त्याला मिलानला विकलें.

इटालियन फुटबॉलची बचावाची रीति त्या वेळीं जगभर गाजत होती. तिला ते 'कातेनाच्चो' म्हणतात. ह्या शब्दाला मराठींत अगदीं नेमका शब्द आहे, तो म्हणजे अडसर. दाराला आंतून अडसर घातला कीं बाहेरच्यानें कितीही ढकललें तरी दार उघडत नाहीं. प्रतिपक्षाच्या एकेका फॉरवर्डला आपला एकेक माणूस चिकटवावयाचा, आणि त्या सर्वांच्या मागें एक खेळाडू कोणालाही न बांधतां मोकळा ठेवावयाचा. पुढल्या फळींतून कोणी निसटलाच तर त्याला ह्या मोकळ्यानें गाठावें. एक गोल करावा, मग अडसर लावावा आणि वाट पाहावी. पुष्कळांना हा खेळ रुक्ष वाटतो. आमच्या मतें तो रुक्ष नसून कठोर आहे. त्यांत नव्वद मिनिटें एका क्षणाचाही विसर चालत नाहीं. मिलानचा शिक्षक नेरेओ रोक्को ह्या शास्त्रांतला आचार्यच होता. श्नेलिंगर आधीं कडेचा बॅक म्हणून व पुढें वय झाल्यावर मागचा मोकळा खेळाडू म्हणूनही तेथें खेळला. जर्मन शिस्त आणि इटालियन धूर्तपणा हीं दोन्ही एका देहांत नांदूं शकतात, याचें तो उदाहरण होता.

१९६६ सालीं विश्वचषक स्पर्धा इंग्लंडांत झाली आणि जर्मनी अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचली. ३० जुलै रोजीं वेंब्लीच्या मैदानावर श्नेलिंगरच्या वांट्याला आला अॅलन बॉल, एकवीस वर्षांचा लालबुंद केसांचा, न थकणारा पोरगा. त्या दिवशीं फोल्क्सवागेनचाही दम निघाला. सामन्याच्या अगदीं शेवटीं जर्मनीनें बरोबरी केली. त्या धांदलींत चेंडू श्नेलिंगरच्या पाठीला लागून पुढें गेला व वेबेरनें तो आंत ढकलला. श्नेलिंगरचा हात लागला अशी इंग्लिश खेळाडूंनीं तक्रार केली, पंचानें ती मानली नाहीं. नंतरच्या जादा वेळांत इंग्लंडचा जो तिसरा गोल झाला, ज्याचा चेंडू दांडीला लागून रेषेच्या आंत पडला कीं बाहेर हा वाद अजून मिटलेला नाहीं, तो हर्स्टनें केला. परंतु त्याला चेंडू दिला बॉलनें, श्नेलिंगरच्या बाजूनें येऊन. इंग्लंड ४-२ असें जिंकलें. गोलाच्या वादावर ग्रंथ झाले. बाजूचा बॅक मात्र आपल्या मनाशीं जें समजावयाचें तें समजला असेल.

त्याच स्पर्धेंत इटलीची उत्तर कोरियाकडून एका गोलानें नामुष्की झाली. त्या संतापांत इटालियन संघटनेनें परदेशी खेळाडूंना दार लावून टाकलें. नवे कोणी आणावयाचे नाहींत; आधींच आलेले असतील त्यांनीं राहावें. ही बंदी १९८० पर्यंत टिकली. ह्यामुळें श्नेलिंगरसारख्यांची स्थिति विशेष झाली. ज्या घरांत नव्या पाहुण्याला मज्जाव, तेथें जुना पाहुणा हळूहळू घरचाच होतो.

आणि मिलानमध्यें तो घरचा झाला. १९६८ मध्यें संघानें इटालियन अजिंक्यपद मिळविलें आणि चषकविजेत्यांची युरोपियन स्पर्धाही जिंकली. ह्या दुसऱ्या स्पर्धेचा अंतिम सामना रॉटरडॅमला हांबुर्गशीं झाला. जर्मन श्नेलिंगरनें जर्मन संघाविरुद्ध खेळून, राष्ट्रीय संघांतील आपला जुना सोबती उवे झेलेर समोर असतां, इटलीसाठीं चषक नेला. ह्याबद्दल कोणी त्याला बोल लावल्याचें ऐकिवांत नाहीं. १९६९ मध्यें मँचेस्टर युनायटेडला बाजूला सारून मिलान माद्रिदला पोहोंचलें व तेथें क्रॉइफच्या तरुण अयाक्स संघाला ४-१ असें हरवून युरोपियन चषक घेतला. हा चषक मिळविणारा श्नेलिंगर हा पहिला जर्मन; बायर्न म्युनिकला तो मिळावयास आणखी पांच वर्षें लागलीं. त्याच वर्षीं आर्जेंटिनाच्या एस्तुदियांतेस संघाशीं दोन खंडांच्या विजेत्यांचे सामने झाले. त्यांतला दुसरा सामना फुटबॉलचा होता कीं मल्लयुद्धाचा हें सांगणें कठीण. यजमान संघाच्या तीन खेळाडूंना त्यापायीं तुरुंग पाहावा लागला. चषक मिलाननें आणला.

आतां १९७० चें मेक्सिको. श्नेलिंगर एकतीस वर्षांचा झाला होता व ही त्याची चौथी विश्वचषक स्पर्धा. १४ जून रोजीं लेओन येथें जर्मनी इंग्लंडविरुद्ध दोन गोलांनीं मागें पडली असतां तिनें सामना फिरविला. बरोबरीचा गोल झेलेरनें डोक्याच्या मागल्या बाजूनें केला. त्याला चेंडू उंचावून दिला होता श्नेलिंगरनें. म्युलरच्या गोलानें जादा वेळांत ३-२ असा जय झाला. तीनच दिवसांनीं, समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको शहरांत, आस्तेका मैदानावर उपांत्य सामना होता. समोर इटली. इटलीच्या संघांत रोसातो आणि रिव्हेरा हे मिलानचे त्याचे रोजचे सोबती. एका संघांत बसणारीं, एका ताटांत जेवणारीं माणसें समोरासमोर उभीं राहिलीं.

आठव्या मिनिटाला बोनिन्सेन्यानें गोल केला आणि इटलीनें अडसर लावला. पुढला सव्वा तासाहून अधिक काळ जर्मनी तें दार ठोठावीत राहिली. दोन्ही बदली खेळाडू वापरून झाल्यावर बेकेनबाउरचा खांदा दुखावला. हात छातीशीं बांधून घेऊन तो तसाच खेळला. तें चित्र जगप्रसिद्ध आहे. नव्वद मिनिटें भरलीं, पंच वायां गेलेल्या वेळाची भर घालूं लागला, आणि डावीकडून ग्राबोव्स्कीनें चेंडू गोलासमोर मारला. तेथें, जेथें असावयाचें त्याला कांहीं एक प्रयोजन नव्हतें अशा जागीं, श्नेलिंगर उभा होता. त्याच्या अंगावर कोणी नव्हतें. कसें असावें? अडसराच्या शास्त्रांत प्रत्येक फॉरवर्डला एकेक माणूस नेमलेला असतो. समोरच्या बॅकला कोण नेमतो? त्यानें पाय लांबविला आणि चेंडू आंत गेला. जें शास्त्र तो सात वर्षें इटलींत राबवीत आला, त्याच शास्त्राच्या फटींतून तो शिरला होता.

जर्मन दूरचित्रवाणीवर एर्न्स्ट हूबेर्टी वर्णन करीत होता. तो मितभाषी निवेदक. त्याच्या तोंडून दोनच शब्द बाहेर पडले, "आउसगेरेश्नेट श्नेलिंगर!" हे दोन शब्द जर्मनींत आज म्हणीसारखे झाले आहेत. 'आउसगेरेश्नेट' ह्याचा अक्षरार्थ हिशोब करून काढलेलें. व्यवहारांत अर्थ होतो, सगळे सोडून नेमका हाच. नेमका श्नेलिंगर! गोल न करणारा, आणि इटलींत पोट भरणारा.

पुढचा अर्धा तास ज्यांनीं पाहिला ते धन्य. म्युलरनें जर्मनीला पुढें नेलें. इटलीचा बचावपटू बुर्ग्निच ह्यानें बरोबरी केली (बॅकांचाच दिवस होता तो). रीव्हानें इटलीला पुढें काढलें. ११० व्या मिनिटाला म्युलरनें पुन्हां ३-३ केले. हा चेंडू गोलाच्या खांबाशीं उभ्या असलेल्या रिव्हेराच्या शेजारून आंत गेला. अडविण्याचें काम ह्या कलावंताला जमलें नाहीं आणि गोलरक्षक आल्बेर्तोसी त्याच्यावर खेंकसला. लाजेनें लाल झालेला रिव्हेरा पुढें धांवत गेला व मिनिटाभरांत त्यानेंच चौथा गोल केला. ४-३. म्हणजे श्नेलिंगरनें अडविणें सोडून गोल केला, रिव्हेराला अडवितां आलें नाहीं म्हणून त्यानें गोल केला, आणि दोघांना परत जावयाचें होतें एकाच मिलानला! आस्तेकाच्या भिंतीवर ह्या सामन्याला शतकांतला सामना म्हणणारी पाटी बसविलेली आहे. इटली अंतिम सामन्यांत ब्राझिलकडून ४-१ अशी हरली. जर्मनी तिसरी आली.

आतां, ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याच दारीं जाऊन त्यानें हें करावें काय, असा प्रश्न एखादा जुन्या वळणाचा गृहस्थ विचारील. महाभारतांत भीष्मद्रोणांनीं अन्नाच्या ऋणापुढें मान तुकविली आणि त्या अधर्माचें उत्तर आजतागायत टीकाकार शोधीत आहेत. परंतु येथें पेंच तितका अवघड नाहीं असें आम्हांस वाटतें. श्नेलिंगरचा करार मिलानशीं होता, इटलीच्या राष्ट्राशीं नव्हता. मिलानचें वेतन त्यानें मिलानच्या मैदानावर घाम गाळून फेडलें; रॉटरडॅमला स्वदेशीयांविरुद्ध खेळतांना त्यानें हातचें राखलें नाहीं. मग स्वदेशाचा अंगरखा अंगावर असतां मिलानसाठीं हातचें राखावें, असें म्हणणारानें दोन्हीं घरीं अर्धीच चाकरी करण्याचा उपदेश केला असें होईल. इटलींतील ज्यांना राग आला असेल त्यांना तो येणें स्वाभाविक होतें. पण मिलाननें काय केलें हें पाहण्यासारखें आहे. त्यानें ह्या मनुष्याला आणखी चार वर्षें आपल्या बचावांत ठेवला. १९७२ व १९७३ चे इटालियन चषक संघानें जिंकले तेव्हां तो संघांतच होता.

राष्ट्रीय संघांतून तो १९७१ मध्यें बाहेर पडला. १९७४ मध्यें पस्तिशीला आल्यावर तो जर्मनींत परतला आणि टेनिस बोरुसिया बर्लिन ह्या संघाकडून एक हंगाम खेळला. ज्या बुंडेसलीगेच्या जन्मावेळीं तो निघून गेला होता, तींत त्याचें हें पहिलें व शेवटचें वर्ष. संघ खालच्या वर्गांत गेला. खेळ संपला आणि श्नेलिंगर पुन्हां इटलीला गेला. मिलानच्या लगत सेग्राते येथें त्यानें घर केलें व उरलेलें आयुष्य तेथेंच काढलें. चोवीस वर्षांचा तरुण म्हणून जेथें चार वर्षें पैसा मिळवावा म्हणून गेला असेल, तेथें त्याचीं साठ वर्षें गेलीं.

भेटावयास जाणारा प्रत्येक पत्रकार त्याच्यापुढें १९७० चा विषय काढी. इतके चषक, इतकीं वर्षें, आणि विचारावयाचें तें एवढेंच! त्याला त्याचा कंटाळा येत असला तरी त्यानें त्यावर एक गंमतीचें उत्तर तयार ठेविलें होतें. आपण गोल करावयास पुढें गेलों नव्हतों, असें तो सांगे. सामना संपल्यातच जमा होता आणि कपडे बदलण्याची खोली त्या गोलाच्या बाजूला होती, म्हणून लौकर घरीं निघालों होतों.